आसेतुहिमाचल : घोषणेतील आणि आचरणातील

‘आसेतुहिमाचल’ हा शब्द आपल्या भाषणांतून, बौद्धिकांतून आणि घोषणांतून नित्य येतो. त्यातील हिमाचल आपल्याला चांगला ठाऊक आहे. सेतू मात्र शब्दापुरताच उरला आहे. हा सेतू जेथून सुरू होतो ते रामेश्वरचे बेट चार धामांपैकी दक्षिणेचे धाम आहे आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य कुटुंबे तेथे जातात. त्यांपैकी यात्रेला जाणारी किती आणि सहलीला जाणारी किती, हा प्रश्न आता स्वतःलाच विचारण्याची वेळ आली आहे.

मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी अशी चार-पाच दिवसांची सहल ठरते. त्यात रामेश्वरच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो. पहाटे अग्नितीर्थावर समुद्रात बुडी मारायची आणि मंदिरातील २२ तीर्थांच्या बादल्या घाईघाईने अंगावर घ्यायच्या. ओल्या वस्त्रांनी गाभाऱ्यात जाता येत नाही, म्हणून ती वस्त्रे किनाऱ्यावर किंवा थेट समुद्रातच सोडून द्यायची. ओळख काढून किंवा पैसे मोजून रांगेच्या पुढे जायचे, दर्शन उरकायचे आणि धनुष्कोडीला जाऊन छायाचित्रे काढायची. सायंकाळी गाडी पुढच्या गावाला! याला ‘रामेश्वर केले’ असे म्हणतात. तीर्थक्षेत्र ‘करायचे’ असते, ही भाषाच आपल्या मनोवृत्तीची साक्ष देते.

याच महाराष्ट्रातून पूर्वी लोक काशीची गंगा कावडीने खांद्यावर घेऊन रामेश्वराच्या अभिषेकासाठी पायी निघत. सेतूची वाळू प्रयागच्या संगमात अर्पण केल्यावरच ती यात्रा पूर्ण मानली जाई. उत्तर आणि दक्षिण जोडण्यासाठी तेव्हा कोणत्या शासकीय योजनेची गरज पडली नाही. पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगा वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी रामेश्वरलाही धर्मशाळा उभारली. हा वारसा सांगणाऱ्या समाजाने त्याच तीर्थाच्या किनाऱ्यावर आपली जुनी वस्त्रे टाकून यावे, याला काय म्हणावे?

रामेश्वरच्या मंदिरात दोन लिंगे आहेत. एक सीतामाईने वाळूचे केलेले रामलिंग आणि दुसरे हनुमंताने कैलासाहून आणलेले विश्वलिंग. हनुमंताला पोहोचण्यास विलंब झाला, तरी पूजेचा पहिला मान त्याच्याच लिंगाला मिळावा अशी रामाज्ञा असल्याचे परंपरा सांगते आणि तो क्रम आजही पाळला जातो. जेथे प्रत्यक्ष प्रभूंनी आपल्या सेवकाला पुढे केले, तेथेच आपण वृद्धांना आणि गोरगरिबांना रांगेत मागे सारून दर्शन घेतो. असे दर्शन नेमके कोणाला पोहोचते?

धनुष्कोडीची कथा तर अधिक वेदनादायक आहे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने हे गाव पुसून टाकले. पांबनहून निघालेली आगगाडी शंभराहून अधिक प्रवाशांसह समुद्राने गिळली. पुढे पांबनचा मोडलेला रेल्वेपूल ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, पण धनुष्कोडी पुन्हा वसले नाही. २०१७ मध्ये भूमीच्या टोकापर्यंत पक्का रस्ता झाला. २०२५ च्या रामनवमीला पांबनच्या नव्या पुलाचे लोकार्पण झाले. या सोयींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जेथे माणसे बुडाली त्या पडक्या भिंतींना टेकून हास्यविनोद करताना आपल्या मुलांना तेथे काय घडले हे सांगावेसे वाटू नये, ही संवेदनशून्यता कोणत्या पुलाने भरून निघेल?

२००५ मध्ये सेतुसमुद्रम् प्रकल्पाचा प्रारंभ झाला आणि रामसेतूवर घाला येणार हे स्पष्ट झाले. सप्टेंबर २००७ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात रामायणातील व्यक्तींच्या ऐतिहासिकतेलाच नकार देणारे प्रतिज्ञापत्र सादर केले, तेव्हा देशभर हिंदू समाज रस्त्यावर उतरला आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. तो क्षोभ खरा होता. सेतूचे रक्षण हे आपले कर्तव्य आहे, असे आपण तेव्हा ठणकावून सांगितले. मग त्याच सेतूच्या मुखाशी प्लास्टिकच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने कोण टाकतो? यंत्रांनी सेतू फोडणे हे पाप असेल, तर त्याच्याभोवतीचा प्रवाळांनी समृद्ध समुद्र कचऱ्याने भरणे हे पुण्य कसे ठरेल?

‘स्वच्छता ही प्रशासनाची जबाबदारी आहे’, असे उत्तर यावर दिले जाईल. प्रशासन कमी पडत असेल, तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. परंतु आपल्या हातातली बाटली कोणत्याही सरकारने तेथे टाकलेली नसते.

दुसरे गाऱ्हाणे तेथील भाषेचे आणि जेवणाचे. ‘तिकडे हिंदीसुद्धा कळत नाही’ अशी तक्रार करीत परतणारा यात्रेकरू राष्ट्रीय एकात्मतेवर व्याख्यान कोणत्या तोंडाने देणार? ‘वणक्कम’ आणि ‘नन्ऱी’ हे दोन शब्द शिकायला किती वेळ लागतो? याच बेटावर जन्मलेल्या डॉ. कलामांनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की सीता-राम विवाहाच्या उत्सवात देवाच्या मूर्ती नेण्यासाठी त्यांचे कुटुंब नावांची व्यवस्था करीत असे. पाश्चात्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद जानेवारी १८९७ मध्ये पांबनला उतरले. रामेश्वरच्या मंदिरात बोलताना त्यांनी चित्तशुद्धी आणि दीनदुबळ्यांतील शिवाची सेवा हीच खरी पूजा असल्याचे सांगितले होते. त्या मंदिरात जाऊन आपण नेमके तेवढेच विसरून येतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबप्रमुखांनी यापुढे काही पथ्ये पाळावीत. रामेश्वरला किमान दोन रात्री मुक्काम करावा. ओली वस्त्रे आणि सर्व कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. दर्शन रांगेतूनच घ्यावे. जेथे बिभीषणाला राज्याभिषेक झाल्याचे मानतात आणि जे १९६४ च्या वादळातही टिकले, त्या कोदंडरामाच्या मंदिरात मुलांना बसवून सेतूची आणि धनुष्कोडीची कथा सांगावी. जमल्यास काशीचे गंगाजल सोबत न्यावे.

सेतू बांधताना खारीनेही आपला वाटा उचलला, असे आपण मुलांना सांगतो. त्या खारीने वाळूचे कण आणले होते. आपण तेथे काय ठेवून येतो, याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाने स्वतःशीच करावा.