अळंबीची पारख आणि तिचे मोल

श्रावण-भाद्रपदात वसईच्या पूर्वेस, तुंगारेश्वरच्या डोंगरउतारांवर वारुळांभोवती अळंबी उगवते आणि पारोळ, शिरसाड, कामणकडील रस्त्यांवर आदिवासी स्त्रिया ती पानांवर मांडून बसतात. गिऱ्हाईक घासाघीस करते, वाटा उचलते आणि चालू लागते. आपण भाजी घेतली एवढीच त्याची समजूत असते. वस्तुतः त्याने एक परीक्षाही विकत घेतलेली असते. ती त्याला स्वतःला करता आली नसती, आणि तिचा एक पैसाही त्या भावात धरलेला नसतो.

ही परीक्षा सोपी नाही. वारुळाच्या अळंबीचे बीज वाळवीनेच जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीच्या मळ्यात असते. म्हणूनच तिचा देठ मुळासारखा खोल उतरतो आणि टोपीच्या मध्यावर बहुधा टोकदार उंचवटा असतो. ढिंगरीप्रमाणे तिची व्यापारी लागवड करता येत नाही. वारूळ सपाट झाले की पीक संपले. उलट, गृहसंकुलांच्या हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम ही मोठी पांढरी छत्री कोवळेपणी निरुपद्रवी भासते. तिच्या टोपीखालील पात्यांवर हिरवट छटा येते ती मागाहून, आणि खाणाऱ्यास वांत्या-जुलाबांनी बेजार व्हावे लागते. अमानिटा वर्गातील काही जाती तर प्राणघातकच. त्यांची लक्षणे सहा ते बारा तासांनी, क्वचित त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर विष यकृतापर्यंत पोहोचलेले असते. शिजवून ते नाहीसे होत नाही. चांदीचा चमचा काळा पडणे, लसणीचा रंग पालटणे, किड्यांनी खाल्लेली छत्री सुरक्षित मानणे या कसोट्या सुशिक्षित घरांतही चालतात, आणि त्या सर्वस्वी खोट्या आहेत.

२००३ साली तुंगारेश्वर अभयारण्य जाहीर झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील पारंपरिक हक्क मान्य केला. परंतु त्याच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपाने, कंदमुळे यांची नावे आहेत, अळंबीचे नाही. व्याख्या वनस्पतिजन्य उपजाची, आणि शास्त्रदृष्ट्या बुरशी ही वनस्पतीच नव्हे! ‘तत्सम’ या शब्दात तिला बसविता येईल, हे खरे. तथापि टोपली घेऊन रानात जाणाऱ्या बाईने आपला हक्क अशा शब्दार्थावर का टांगून ठेवावा? शासनाने एका स्पष्टीकरणाने हा प्रश्न मिटवावा.

स्वित्झर्लंडमध्ये अनेक गावांत लोकांनी वेचून आणलेली अळंबी तपासून देणारे प्रशिक्षित निरीक्षक असतात. वसई-विरार महानगरपालिकेला हंगामापुरते असे एखादे केंद्र बाजारात चालविणे अशक्य नाही. तेथे वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाशेजारी रानातली जाणती स्त्री बसावी, आणि तिला मानचिन्ह नव्हे, रोजचे मानधन मिळावे. अळंबीचे दिवस थोडे असतात. तयारी वैशाखातच करावी लागेल.