पहिली सहामाही

जून-जुलैत चंदगड, आजरा, गगनबावड्याकडची मुलं कोल्हापुरात शिकायला येतात आणि दिवाळीच्या आत त्यांतली काही गुपचूप गावी परततात. हुशारीत ती कुठेच कमी नसतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं विज्ञान इंग्रजीतून कानावर पडतं, शंका ओठांवर येते, पण चारचौघांत विचारायला तोंड उघडत नाही. मेसची आमटी घशाखाली उतरत नाही. सकाळच्या एसटीने गावाकडून आलेला डबा उतरवून घ्यायला स्टँडवर उभी असलेली पोरं बघा. झाकणावर नाव रंगवलेलं असतं, आत भाकरी अजून ऊबदार असते. असा डबा दुरून येणाऱ्यांच्या नशिबी नसतो. राजर्षी शाहू महाराजांनी हे फार लवकर ओळखलं होतं. नुसती फी माफ करून भागणार नाही, मुलाला राहायला जागा आणि ओळखीची माणसंही हवीत, म्हणून 1901 साली मराठा आणि जैन बोर्डिंगं, 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग उभं राहिलं. 1962 साली शिवाजी विद्यापीठ आलं, पुढे ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळे कितीतरी गरिबाघरची पोरं शिकली. एवढं सगळं करणाऱ्या या शहराला आणखी एक गोष्ट सहज जमेल: प्रत्येक नव्या मुलामागे त्याच्याच तालुक्यातला एक वरच्या वर्गातला विद्यार्थी द्या, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर जो वर्गात दिसला नाही, त्याच्या घरी आठवड्याच्या आत फोन जाऊ द्या.