दात हा अवयव नाही का?

माझी आई ७१ वर्षांची आहे. जन्म गेला सोलापूर जिल्ह्यात, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाण्यात. गेली चार वर्षं ती भाकरी दुधात कुस्करून खाते. खालची कवळी बसत नाही. बोलताना सुटते, म्हणून लग्नाकार्यात तोंडाला पदर लावून बसते. परवा नातवानं विचारलं, "आजी, तू हसत का नाहीस?" मला उत्तर देता आलं नाही.

दातांच्या डॉक्टरांनी इम्प्लांट सुचवलं. खर्चाचा आकडा ऐकून आई खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "या वयात कशाला एवढे पैसे? तोंडात का चितेवर न्यायचेत?"

आरोग्य विम्याची पॉलिसी काढली. दर वर्षी न चुकता हप्ता भरतोय. आत लिहिलंय, अपघात होऊन दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तरच दातांचा खर्च, एरवी नाही. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड आहे, पाच लाखांचं. पण दाखल न होता होणारा उपचार त्यात बसत नाही. म्हणजे जबडा मोडला तर सरकार आहे, दात पडले तर तुमचं तुम्ही बघा.

का? गुडघा अवयव आहे, डोळा अवयव आहे, दात काय दागिना आहे?

आता काही जण म्हणतील, इम्प्लांट ही श्रीमंतांची चैन. जरा समजून घ्या. दात गेला की त्याखालचं हाड झिजत जातं. कवळी त्या हाडावर नुसती टेकलेली असते, म्हणून दर काही वर्षांनी सैल होते. ब्रिज बसवायचा तर शेजारचे धडधाकट दात घासावे लागतात. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरून ठेवतं, चावण्याचा भार हाडावर जातो आणि झीज कमी होते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. तो माणूस २००६ साली वारला, तोवर चाळीस वर्षं ते टिकले. म्हणजे हे तंत्र काल-परवाचं नाही.

आणि तोंडभर इम्प्लांट मागतंय कोण? २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते. त्यांनी सांगितलं की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हाच पहिला पर्याय असायला हवा. फक्त दोन! शर्टाच्या टिचबटणासारखी कवळी त्यावर बसते. भाकरी चावता येते.

हे सगळ्यांना जमतं असंही नाही. साखर ताब्यात नसेल, तंबाखू-मिश्री सुटत नसेल, तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. रोजची सफाई लागतेच. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवावं, पाकिटानं नाही.

पैशाचं म्हणाल तर २०१७ आठवा. हृदयात घालायच्या स्टेंटसाठी लाखाच्या वर रक्कम उकळली जात होती. फेब्रुवारीत सरकारनं औषधी स्टेंटची कमाल किंमत कर सोडून २९,६०० रुपये ठरवली. ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवरही मर्यादा आली. उद्योग बुडेल अशी ओरड झाली. बुडाला का? मग दातांच्या इम्प्लांटला कमाल किंमत ठरवायला कोणी अडवलंय?

केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही मिळते. म्हणजे दात नसणं हे म्हातारपणातलं अपंगत्व आहे, हे सरकारनं २०१७ सालीच मान्य केलंय. मग एक पाऊल पुढे टाकायला काय हरकत आहे?

माझा राग डॉक्टरांवर नाही. त्यांना जागेचं भाडं आहे, यंत्रांचे हप्ते आहेत. राग त्या धोरणावर आहे ज्याच्या लेखी माणसाचं शरीर हिरडीपाशी संपतं.

मागण्या तीनच. एक, इम्प्लांटची कमाल किंमत ठरवा. दोन, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत गरजू ज्येष्ठांना खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट आणि कवळी मोफत द्या. तीन, आरोग्य विम्यातून दात वगळण्याचं कलम काढा.

निवडणुकीत मतं मागायला येणारे हात जोडून, सगळे दात दाखवून हसतात. या वेळी दारात आले की त्यांना हेच विचारा. मी विचारणार आहे, आईला शेजारी उभं करून.