झटक्याची घाई, गोळीचा विसर

माहीमच्या माझ्या दवाखान्यात एक संवाद पुन्हा पुन्हा होतो. "डॉक्टर, बाबांचे ठोके 140 आहेत, तेही वेडेवाकडे. आजच शॉक देऊन टाका ना!" काही आठवड्यांनी तसंच दुसरं कुटुंब सांगतं, "शॉकने सगळं नॉर्मल झालं, म्हणून रक्त पातळ करायची गोळी बंद केली." या दोन्ही वाक्यांशी माझं भांडण आहे. आणि मॉनिटरवरची सुधारलेली लय दाखवून रुग्णाला निश्चिंत करणाऱ्या आम्हा डॉक्टरांशीही आहे.

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त साचतं, डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. विजेच्या झटक्याने लय परत येते; पण आधीच गुठळी असेल तर ती सुटूही शकते. शिवाय लय आल्यावरही कप्पा काही आठवडे सुस्तच राहतो. म्हणून झटक्यानंतर किमान चार आठवडे गोळी लागतेच. पुढे ती चालू ठेवायची का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं. ईसीजी नॉर्मल आला यावर नाही.

"पण 48 तासांच्या आत दिला तर चालतो ना?" हा नियम अनेकांनी ऐकलेला असतो. प्रश्न असा, की घड्याळ सुरू कधी झालं? माहीम स्टेशनचा जिना चढताना काल धडधड जाणवली, याचा अर्थ आजार काल सुरू झाला असा होत नाही. अनेकांना हा आजार जाणवतच नाही. म्हणूनच 2024 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ही मर्यादा 24 तासांवर आणली. त्याहून उशीर झाला असेल किंवा वेळ नक्की माहीत नसेल, तर आधी तीन आठवडे गोळी, नाहीतर अन्ननलिकेतून केलेली इको तपासणी करून गुठळी नसल्याची खात्री.

थांबल्याने नुकसान होतं का? नेदरलँड्समधला 2019 चा अभ्यास पाहा. त्रास नुकताच सुरू झालेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या 437 रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच लयीवर आणलं; उरलेल्यांना फक्त वेग आटोक्यात ठेवणारी औषधं देऊन थांबवलं. थांबलेल्यांपैकी 69 टक्के 48 तासांत आपोआप लयीवर आले. चार आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच: 94 आणि 91 टक्के.

"मग वेग आवरा आणि विसरून जा," असंही मी म्हणत नाही. 2020 च्या ईस्ट अभ्यासात, निदानानंतर वर्षभरात लय सुधारण्याचे उपचार सुरू केलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात अशा घटना कमी दिसल्या. तिथे 'लवकर' म्हणजे काही महिने. आज रात्री नव्हे. त्यांतल्या बहुतेकांची रक्त पातळ करणारी गोळीही चालूच होती.

अपवाद पक्का लक्षात ठेवा: रक्तदाब कोसळला, छातीत दुखू लागलं, फुप्फुसांत पाणी भरून श्वास लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर ताबडतोब झटका. तिथे थांबणं हाच गुन्हा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. लहानपणी र्‍हुमॅटिक ताप येऊन झडप आकसलेले रुग्ण परळच्या केईएमसारख्या रुग्णालयांत आजही दिसतात. त्यांच्यात गुठळीचा धोका फार मोठा. त्यांना तासांचा हिशेब लागू करू नये. त्यांच्यासाठी जुनी वॉरफरिनच्या जातीची गोळी, आयएनआर तपासत घ्यायची, हाच भरवशाचा मार्ग. 2022 च्या इन्व्हिक्टस अभ्यासात नवी गोळी तिच्यापुढे कमी पडली. आणि ॲस्पिरिन ही या गोळीची बदली कुणासाठीच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना "शॉक कधी?" याआधी विचारा, "रक्त पातळ करायची गोळी आजपासून सुरू करायची का, आणि ती कोण, कधी थांबवणार?" घाई करायचीच असेल तर या प्रश्नाची करा.