रॉकेट उडवा, पण पत्ता ठेवून!

दिवाळीत बाटलीत ठेवून उडवलेलं रॉकेट कुणाच्या गच्चीवर जाऊन पडलं याची आपण कधी फिकीर केली नाही. वात पेटवायची, लांब पळायचं, वर बघत 'गेलं गेलं' म्हणून ओरडायचं, संपला कार्यक्रम. पण रॉकेट माणसापेक्षा उंच असतं, त्याचं वजन दहा-पंधरा किलो असतं आणि ते तीन किलोमीटर वर जातं, तेव्हाही 'गेलं गेलं' एवढ्याच तयारीने येणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं. आजचं हे पुराण त्यांच्यासाठी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत हौशी लोक शनिवार-रविवारी एखाद्या शेतावर किंवा वाळवंटात जमून मोठी रॉकेट्स उडवतात. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री (स्थापना १९५७) आणि ट्रायपोली या दोन संघटना त्याचे नियम ठरवतात आणि परवाने देतात. मोटरची ताकद अक्षरांत मोजतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट. म्हणजे 'एच' ३२० न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'आय' ६४०, असं करत 'ओ' ४०,९६०. दोनाचे घात असल्यामुळे आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे लगेच पाठ होतं :) एच आणि आय ही पहिली पायरी, जे-के-एल दुसरी, एम-एन-ओ तिसरी.

आता गंमत बघा. प्रत्येक पायरीच्या परीक्षेत रॉकेट नुसतं वर जाऊन भागत नाही. ते सुखरूप परत आणून दाखवावं लागतं. हरवलं तर नापास. म्हणजे 'परत आणणं हा उडवण्याचाच भाग आहे' हे या छंदाने स्वतःच मान्य केलंय. पण एकदा का परवाना खिशात आला, की पुढच्या उड्डाणाला 'हे शोधणार कसं?' हा प्रश्न बहुतेक मैदानांवर उडवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला असतो. बोर्डाच्या परीक्षेपुरता अभ्यास करायचा आणि नंतर पुस्तक रद्दीत, त्यातलाच हा प्रकार.

माझं म्हणणं सरळ आहे. ठरावीक उंचीच्या वर जाणाऱ्या प्रत्येक रॉकेटमध्ये जीपीएस ट्रॅकर सक्तीचा हवा. हौस म्हणून नको, नियम म्हणून हवा.

का? थोडं गणित करू. समजा रॉकेट ३,००० मीटरवर (म्हणजे साधारण दहा हजार फुटांवर) पोचलं. माथ्यावरच मोठं पॅराशूट उघडलं तर ते सेकंदाला ६ मीटरने खाली येणार, म्हणजे ५०० सेकंद हवेत. वारा सेकंदाला ७ मीटर धरला तर ते साडेतीन किलोमीटर लांब जाऊन पडेल. म्हणून शहाणी माणसं माथ्यावर छोटं पॅराशूट सोडतात आणि मोठं ३०० मीटरवर उघडतात. मग पहिले २,७०० मीटर सेकंदाला २५ मीटरने, उरलेले ३०० मीटर ६ मीटरने. एकूण १५८ सेकंद, म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर.

आता संघटनेचा नियम म्हणतो की मैदानाची सगळ्यात लहान बाजू कमाल उंचीच्या निम्मी तरी हवी. दहा हजार फुटांना पाच हजार फूट, म्हणजे दीड किलोमीटर. मधोमध उभं राहिलं तर त्या बाजूची कड पाऊण किलोमीटरवर. आणि वाऱ्याची परवानगी ताशी २० मैलांपर्यंत, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ९ मीटर; मी तर ७ च धरलाय. थोडक्यात काय, तर सगळे नियम पाळूनही, काहीही न बिघडता, रॉकेट दुसऱ्याच्या शेतात जाऊ शकतं. बिघडलं तर बोलायलाच नको.

यावर जुनी खोडं म्हणतात, 'अरे, आम्ही डोळ्यांनी बघायचो, होकायंत्राने दिशा घ्यायचो, चालत जायचो. त्यातच तर मजा!' मजा मान्य. पण दिशेत पाच अंशांची चूक कुणाचीही होते, आणि अंतराचा अंदाज तर त्याहून वाईट. रॉकेट दोन ते चार किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी आहे आणि दिशा पाच अंश इकडे किंवा तिकडे, एवढीच माहिती असेल तर शोधायचं क्षेत्र सुमारे एक चौरस किलोमीटर होतं. दहा लाख चौरस मीटर! जीपीएसने दहा मीटरच्या आत जागा सांगितली तर शोधायचे तीनशे चौरस मीटर. पुरुषभर उंचीच्या मक्यात हा फरक म्हणजे रॉकेट सापडणं आणि न सापडणं.

२ मे २००० च्या आधी ही सबब थोडी तरी चालली असती. तोवर अमेरिकन सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं आणि जागा शंभरेक मीटरने हुकायची. ते बंद होऊन जमाना झाला.

दुसरी तक्रार पैशांची. ही मी जास्त गंभीरपणे घेतो, कारण कॉलेजच्या पोरांकडे खरंच पैसे नसतात. पण एम वर्गाच्या मोटरचं एका उड्डाणाचं इंधनच काहीशे डॉलर्सचं असतं. तेवढे खर्च करणाऱ्याने ट्रॅकर परवडत नाही म्हणणं म्हणजे गाडी घेतली आणि ब्रेकला पैसे उरले नाहीत म्हणण्यासारखं. एगफाइंडरसारखा संच घरी सोल्डर करता येतो. ऑल्टस मेट्रमचं तर हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुलं आहे. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणाऱ्या ट्रॅकरला परवाना लागत नाही. ७० सेंटीमीटरच्या हॅम पट्ट्यातला हवा असेल तर ३५ प्रश्नांची परीक्षा, २६ बरोबर आले की पास, आणि ती माझ्यासारख्या परदेशी माणसालाही देता येते. तरीही ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी क्लबने दोन-तीन ट्रॅकर दिवसापुरते उसने द्यायला ठेवावेत. झाला प्रश्न निकालात.

तिसरा आक्षेप खरा हुशार आहे: 'ट्रॅकर आला की लोक बिनधास्त होतील, छोट्या मैदानावरही नको तेवढं उंच उडवतील.' होतील, शक्य आहे. पण त्याचं उत्तर उंचीची मर्यादा कडक ठेवणं हे आहे, ट्रॅकर नाकारणं हे नाही. सर्व्हरवर लॉग ठेवले तर प्रोग्रॅमर निष्काळजी होतील म्हणून लॉगच नको, असं कुणी म्हणालं तर आपण त्याला चहा पाजून घरी पाठवू.

आणि हो, जीपीएस ही जादूची कांडी नाही, हे मलाही माहितीये. जोराच्या चढाईत रिसीव्हर बहुतेक वेळा उपग्रह हरवून बसतो. निर्यातबंदीच्या नियमांमुळे बरेच रिसीव्हर सेकंदाला ५१५ मीटरच्या किंवा १८ किलोमीटरच्या वर गप्प बसतात. कार्बन फायबरच्या नळीतून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत, तिथे फायबरग्लासचं नाक लागतं. जमिनीवर पडल्यावर सिग्नलचा पल्ला पार आखडतो. पण यातलं काहीही शोधण्याच्या आड येत नाही! आपल्याला चढाई नकोय, पडण्याची जागा हवीय. जमिनीपासून ३० मीटरवर शेवटचा संदेश आला, तर उरलेल्या पाच सेकंदांत रॉकेट पस्तीसेक मीटर सरकेल. तिथपर्यंत चालत गेलात की सिग्नल परत पकडतो. विक्रमाची उंची मोजायला बॅरोमीटर आहेच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. हरवलेलं रॉकेट म्हणजे फक्त मालकाचं नुकसान, हा समज मुळात चुकीचा आहे. पॅराशूट बाहेर ढकलायला आत काळ्या दारूचा छोटा बार असतो. खबरदारी म्हणून बहुतेक मोठ्या रॉकेट्समध्ये दुसरा अल्टिमीटर आणि दुसरा बार असतो. काही बिघडलं की न उडालेला बार, चालू सर्किट आणि लिथियमची बॅटरी असं सगळं तसंच शेतात पडून राहतं. ते कुणाला सापडणार? शेतकऱ्याला, त्याच्या पोराला, नाहीतर कापणीच्या यंत्राला. त्या माणसाने या छंदाचं तिकीट काढलेलं नाही. उलट बऱ्याच ठिकाणी त्याच्याच भल्या मनामुळे आपल्याला मैदान मिळालेलं असतं, आणि एकदा त्याने 'आता पुरे' म्हटलं की ते मैदान परत मिळत नाही. दोन हौशी लोकांच्या 'मजे'पायी शंभर जणांचा छंद बंद पडायचा.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. अक्षरावर जाऊ नका, उंचीवर जा. अंदाजे उंची ३,००० फुटांच्या वर असेल तर ट्रॅकर हवाच. फ्लाइट कार्डावर एक ओळ वाढवा: ट्रॅकर कोणता, फ्रीक्वेन्सी कोणती. रेंज सेफ्टी ऑफिसर पॅराशूट आणि मोटर तपासतोच, त्याने रिसीव्हरच्या पडद्यावर अक्षांश-रेखांशही बघावेत. आकडे दिसत नसतील तर रॉकेट पॅडवर जाणार नाही. एक मिनिटाचं काम.

ज्याला हे जाच वाटतं त्याने कमी उंचीवर उडवावं, डोळ्यांना दिसेल तेवढंच. तिथे होकायंत्रही चालेल आणि 'गेलं गेलं' पण.