घरबसल्या कामाचा करार आणि नोटिशीची भीती

‘घरबसल्या टायपिंग करा, महिन्याला वीस हजार कमवा!’ ही जाहिरात आज बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पट्ट्यातल्या सुशिक्षित बेकारांच्या मोबाईलवर सारखी येऊन पडते. जाहिरात वाचून काम घेणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या काहींना खरे काम मिळते आणि वेळेवर पैसेही मिळतात. काहींच्या हाती मात्र पंधरा दिवसांनी पैशाऐवजी वकिलाची नोटीस पडते. घाबरलेली ही मुले नोटीस घेऊन आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, “साहेब, पोलीस धरून नेतील का?” या प्रश्नाचे उत्तर जाहीरपणे दिले पाहिजे. त्याचबरोबर या नव्या कामाकडे आंबेडकरी समाजाने कसे पाहावे, याचाही विचार झाला पाहिजे.

प्रथमच सांगतो की, इंटरनेटवरून सुटे काम मिळवून जोडउत्पन्न कमावण्याला आमचा विरोध नाही. विरोध करावा तरी कशाला? हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना कधीचाच बंद पडला. आमचा पदवीधर मुलगा तासिका तत्त्वावर शिकवतो, नाहीतर कंत्राटावर राबतो. रात्री दोन तास भाषांतर, हिशेब, डिझाइन किंवा टायपिंग करून त्याने चार पैसे जास्तीचे आणले, तर घरात बहिणीची फी भरली जाते. शिवाय या कामात दूर बसलेला गिऱ्हाईक सहसा काम पाहतो, आळी पाहत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये याच हरेगावात शेळी व कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले गेले. अशा मुलखातल्या माणसाला जात न विचारणाऱ्या कामाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अर्थात आडनाव पाहून भुवया उंचावणारे इंटरनेटवरही आहेतच, हे आम्ही विसरलेलो नाही.

आमच्या भाषेलाही आता दाम येऊ लागला आहे. बंगळुरूची ‘कार्या’ ही संस्था भारतीय भाषांतील बोलणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम गरीब, ग्रामीण माणसांना मोबदला देऊन करून घेते. संगणकाला आपल्या भाषा शिकवण्यासाठी हे ध्वनिमुद्रण लागते. तिच्या सुरुवातीच्या प्रयोगांत पालघर जिल्ह्यातील आमले या आदिवासी गावाने मराठीचे काम केले होते. ज्या बोलीला शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून हिणवले गेले, त्याच बोलीला मजुरी मिळते, ही साधी गोष्ट नाही. तेव्हा काम खरे आहे आणि ते घेतलेच पाहिजे.

पण खऱ्या कामाच्या आडोशाला लुटारूंनी दुकान थाटले आहे. त्यांची रीत ठरलेली असते. आधी गोड आवाजात फोन येतो. मग आधार कार्ड, पॅन कार्ड आणि फोटो मागवून मोबाईलवरच करारावर सही घेतली जाते. पाच-सात दिवसांत शेकडो पाने टाईप करायची आणि त्यात शंभरात अठ्ठ्याण्णव बिनचूक हवीत, अशी अट असते. पाने मुद्दाम धूसर दिलेली असतात. मुदत संपली की ‘तुमचे काम नापास झाले, करार मोडल्याबद्दल पाच-सात हजार भरा’ असा तगादा सुरू होतो. पाठोपाठ नोटीस येते. तिच्यावर कोर्टासारखा शिक्का असतो, अटकेची भाषा असते आणि ‘आज भरले तर प्रकरण मिटेल’ अशी सवलतही असते. या धंद्यात टायपिंगला काडीची किंमत नसते. गरिबाची कोर्टाची भीती हाच त्यांचा माल.

कायदा काय म्हणतो ते आता ऐका. ठरलेले काम वेळेत झाले नाही, एवढ्यानेच कोणी गुन्हेगार ठरत नाही. तो दिवाणी वाद असतो आणि त्यासाठी पोलीस अटक करीत नाहीत. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 19 प्रमाणे फसवून घेतलेली संमती फसवला गेलेला माणूस रद्द करू शकतो. कलम 74 प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी कोर्ट वाजवी भरपाईच देते आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. उलट अटकेची भीती घालून पैसे उकळणे हाच गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये खंडणी येते, कलम 318 मध्ये फसवणूक येते. म्हणून एक रुपयाही भरू नका. नोटीस, करार, फोन क्रमांक आणि संदेश जपून ठेवा. मात्र खऱ्या न्यायालयाचे समन्स आले तर ते कधीही टाळू नका, तारखेला हजर राहा. नोटीस कोणती आणि समन्स कोणते हे कळत नसेल, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क आमच्या किती घरांत माहीत आहे?

दुसरे दोन सापळे याहून वाईट आहेत. एकात व्हिडिओला ‘लाईक’ करण्याचे शे-दोनशे रुपये आधी दिले जातात आणि मग मोठ्या कामासाठी पैसे भरायला लावतात. भरलेले पैसे परत येत नाहीत. दुसऱ्यात ‘तुमचे बँक खाते वापरायला द्या, टक्केवारी देतो’ असे सांगतात. त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुटलेले पैसे फिरतात, खाते गोठते आणि आरोपी म्हणून नाव आमच्या मुलाचे येते. इथे मात्र पोलीस खरोखरच दारात येतात. खाते कोणालाही देऊ नका. पैसे गेलेच, तर त्याच तासाला 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

खरे काम ओळखण्याची खूण एकच, मजुरी कामगाराकडे येते. कामाला बोली लावण्यासाठी काही नामांकित संकेतस्थळे थोडे शुल्क घेतात. फायव्हरसारखे संकेतस्थळ विक्रेत्याच्या शंभर रुपयांतले वीस ठेवून घेते. ते उघड सांगून घेतलेले असते आणि परवडते की नाही हे आपण ठरवायचे असते. पण अनामत, नोंदणी फी, प्रशिक्षण फी मागणारा मालक हा मालकच नव्हे.

खरे गिऱ्हाईकही पैसे बुडवते. त्यावर उपाय आहेत. काम काय, मुदत कोणती, मजुरी किती, दुरुस्त्या किती वेळा, हे चार मुद्दे लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवरचा संदेशही चालतो. काम मोठे असेल तर थोडी रक्कम आगाऊ मागा. काम सुरू करण्याआधीच ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या, ती मोफत होते. मग 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे इथल्या गिऱ्हाइकाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. केलेल्या कामाच्या पैशाचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. आणि लिहिलेल्या मजकुराचा हक्क, लेखी लिहून दिल्याशिवाय, नोकर नसलेल्या लेखकाचाच राहतो, असे 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो.

एवढे झाले व्यक्तीपुरते. पण हा प्रश्न एकेकट्याने सुटणारा नाही. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर फेडत राहतो. तिथे निदान मुकादमाचे घर माहीत असते, गाठता येते. इंटरनेटवरच्या मुकादमाला चेहरा नाही, गाव नाही. रात्र रात्र राबणाऱ्याला किमान वेतन नाही, आजारपणाची रजा नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. घरातल्या खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलेल्याचे तास मात्र कोणीच मोजत नाही. आशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी दाम देऊन काम करून घेणे ही घटनेच्या कलम 23 मध्ये मोडणारी वेठबिगारी आहे. वतनाच्या वेठीतून सुटलेल्या समाजाला या निकालाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या केली आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, असेही तीत आहे. व्यावसायिक सेवा आणि मजकूर पुरवणाऱ्या कंपन्यांचाही यादीत समावेश आहे. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये स्वतंत्र कायदे केले. पण चर्चा होते ती रस्त्यावर धावणाऱ्या डिलिव्हरी कामगारांची. घरात बसून टाईप करणारी, भाषांतर करणारी मुलगी कोणाला दिसतच नाही. तिचे नाव नोंदले गेले पाहिजे, तिच्या तासाला किमान दर ठरला पाहिजे आणि पैसे बुडवणाऱ्याविरुद्ध तालुक्यातच दाद मागता आली पाहिजे. महाराष्ट्रात ही मागणी आंबेडकरी चळवळीने लावून धरावी. कामगाराचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे, हे 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढून बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात रविवारी दोन तास एक टेबल मांडा. शिकलेल्या दोघांनी तिथे बसावे, मुलांचे करार वाचून द्यावेत, नोटिसा तपासाव्यात, उद्यम नोंदणी करून द्यावी. कोणत्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, कोणती जाहिरात खोटी निघाली, याची एक वही तिथे ठेवावी. बेलापुरात फसलेला मुलगा राहुरीच्या मुलाला सावध करील. जयंतीच्या मंडपावरील खर्चातून थोडी बचत केली, तर एक संगणक सहज येतो. वकील बांधवांनीही महिन्यातला एक दिवस या टेबलाला द्यावा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा आपण रोज देतो. आमच्या शिकलेल्या मुलांनी संगणक शिकून घेतला. त्यांना संघटित करण्याचे काम आता आपल्या कार्यकर्त्यांचे आहे, आणि ते येत्या रविवारपासून सुरू करता येण्यासारखे आहे.

जयभीम!