तुझा तासाचा रेट काय रे?

सोमवारी हापिसात जेवायला बसलो होतो. मोबाइलवर घरच्या डायनिंग टेबलाचा फोटो दाखवला आणि म्हणालो, "हे मी बनवलंय." पहिली दहा सेकंदं बरी गेली. मग आमच्या टीममधल्या एका हुशार मित्राने विचारलं, "किती तास लागले?"

"ऐंशी असतील. सात वीकेंड."

"आणि तुझा तासाचा रेट काय?"

त्याने माझ्या पगारावरून तासाला ९०० रुपये काढले. ८० गुणिले ९०० म्हणजे ७२,०००. त्यात सामानाचे १५,५००. "म्हणजे हे टेबल तुला साडेसत्याऐंशी हजाराला पडलं. त्याच्या निम्म्यात ऑनलाइन मिळालं असतं, तेही सहा खुर्च्यांसकट!" सगळे हसले. मीही हसलो. पण संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकल्यावर डोकं फिरलं. ते फिरलेलं डोकं आज इथे रिकामं करतोय.

पहिला मुद्दा त्या रेटचाच. शनिवारी दुपारी मला तासाला ९०० रुपये कोण देतंय? मी पगारी माणूस आहे. महिन्याचा आकडा ठरलेला. शनिवारी मी रंधा मारला काय किंवा लोळत एका बैठकीत सगळी वेबसिरीज संपवली काय, एक तारखेला तेवढेच जमा होणार. मित्राने मागच्या महिन्यात अशा दोन सिरीज संपवल्या. त्याचं बिल त्याने काढलं नाही. जिममधल्या तासाचं, ट्रेकचं, मॉलमध्ये पार्किंग शोधण्याचं बिल कोणी काढत नाही. हातात पटाशी दिसली की मात्र लगेच एक्सेल उघडते. वेळेची काळजी असती तर ती सगळीकडे दिसली असती. खरी अडचण वेगळी आहे. हे काम "आपल्यासारख्यांनी" करायचं नसतं, असं आपल्याला वाटतं. बाबा निदान उघड बोलले, "एवढं शिकवलं ते सुतारकाम करायला?" मित्राने तेच एक्सेलमध्ये सांगितलं, इतकाच फरक.

आता दुसरा मुद्दा, ते "निम्म्यात मिळालं असतं" वालं टेबल. ते माझ्याकडे होतं की! २०२१ मध्ये, घरून काम चालू असताना, हप्त्यावर घेतलेलं. जाहिरातीत "इंजिनिअर्ड वूड, शिसवी फिनिश" असं लिहिलं होतं. इंजिनिअर्ड म्हटल्यावर इंजिनिअर भुलणारच. तीन वर्षांत कडेची पट्टी सुटली. तिथून रोजच्या ओल्या फडक्याचं पाणी आत जात राहिलं आणि कोपरा भिजलेल्या टोस्टसारखा फुगला. दुरुस्त करायला गेलो तर स्क्रू पकडेचना. आत लाकूड नव्हतंच. लाकडाचे बारीक तुकडे आणि भुसा गोंदात कालवून दाबलेला बोर्ड, वर लाकडाचा फोटो छापलेला कागद. बोर्डातला हा गोंद बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडवर आधारलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोगकारक ठरवलं. कमी वायू सोडणारे चांगले बोर्डही मिळतात, पण घेताना कोण विचारतो?

इथे अन्याय नको म्हणून एक सांगतो. प्लायवूडवर माझा राग नाही. पातळ थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवून लाकडाची हालचाल रोखायची, हे खरोखरचं इंजिनिअरिंग आहे. राग आहे तो फुगणाऱ्या भुशाला "वूड" म्हणून विकण्यावर, आणि तो न तपासता घेणाऱ्या आपल्यावर. मोबाइल घेताना आपण प्रोसेसरची पिढी विचारतो. आणि ज्या टेबलावर रोज जेवणार, ते कशाचं आहे हे विचारत नाही.

विचारणार तरी कसं? आपल्याला येतंच काय? फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवा. कारपेंटरीत एक हाफ लॅप जॉइंट करायचा होता. दोन लाकडं, दोन्हींची अर्धी जाडी काढायची आणि एकमेकांत बसवायची. एवढंच. आमच्या बॅचमध्ये निम्म्यांनी तो जॉब वर्कशॉपच्या मामांना चहापाणी देऊन करून घेतला. मीही त्या निम्म्यांतच होतो. जर्नल मात्र सुबक, चारही वर्षं. म्हणजे हाताने करायचं एकमेव काम आम्ही आउटसोर्स केलं आणि त्याचे मार्क घेऊन इंजिनिअर झालो. आयटीत येण्यासाठी याहून चांगली तयारी कुठली? :)

असो. तर कोपरा फुगल्यावर इरेला पेटलो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. पुण्यात जुने वाडे पडतात तेव्हा त्यांचं सागवान, म्हणजे तुळया, वासे, फळ्या, पुन्हा विकायला येतं. लाकूड घनफुटावर मिळतं. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. पाच फूट बाय तीस इंचाचं टेबल, सवा इंच जाडीचं. पाय आणि आडव्या पट्ट्या धरून सव्वादोन घनफूट झालं. वाया जाणारं धरून तीन घेतलं. मला ते साडेसात हजारांना पडलं. तिथेच मशिनवर कापून घेतलं, त्याचे आठशे. हत्यारांचे सहा हजार. गोंद, पॉलिश पेपर, तेल वगैरे बाराशे.

जुन्या सागवानात खिळे असतात. वरून दिसतो फक्त काळा डाग, कारण लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची गाठ पडली की लाकूड काळं पडतं. असा एक खिळा माझ्या नव्याकोऱ्या रंध्याने शोधून काढला. पात्याला दात पडला. ते घासून सरळ करण्यात एक अख्खा रविवार गेला. सागवानात नैसर्गिक तेल असतं, म्हणून सहा-सहा इंचांच्या पाच फळ्या जोडण्याआधी कडा थिनरने पुसायच्या, मग गोंद, मग क्लॅम्प लावून रात्रभर ठेवायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "दुपारी एक ते चार आवाज बंद" अशी ताकीद दिली. मग त्या वेळात ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२०, नंतर १८०, सगळं हाताने. पाचव्या वीकेंडला रंध्यातून कागदासारखं पातळ, कुरळं सालपट सलग निघालं. बायकोला झोपेतून उठवून ते दाखवलं. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

खिळ्यांची भोकं आणि काळे डाग मी तसेच ठेवले. याला हल्ली "रस्टिक लूक" म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. नवं लाकूड साखळ्यांनी बडवून, मुद्दाम ओरखडे काढून जुनं दिसेल असं केलं जातं. काम न केलेल्या वस्तूवर कामाचा मेकअप! माझ्या टेबलावरची भोकं कुठल्यातरी वाड्याच्या माडीवरची आहेत. ती कमवायला मला काही करावं लागलं नाही, फक्त ती लपवली नाहीत. आणि गावरान म्हणजे ओबडधोबड हाही एक गैरसमज. आजीच्या घरचा पाट आठवा. जाड फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, बस्स. किती पंगती उठल्या त्यावरून, डुगडुगला कधी? साधं काम ढिसाळ असून चालत नाही, कारण चूक झाकायला त्यात जागाच नसते.

हे ज्ञान मला आता आहे. तेव्हा नव्हतं. जानेवारीत टेबल पूर्ण झालं. वरचा भाग खालच्या चौकटीला बारा स्क्रूंनी आवळून टाकला, हलायला नको म्हणून. एप्रिलमध्ये एका रात्री स्वयंपाकघरात काहीतरी फटकन वाजलं. सकाळी पाहतो तर कडेच्या फळीला फूटभर लांब भेग.

आमच्या चौथ्या मजल्यावर तेव्हा एका फ्लॅटचं काम चालू होतं. तिथल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी वाकून खालून पाहिलं आणि विचारलं, "सायेब, ह्यो स्क्रू कुणी मारला?"

"मीच."

"मग ही फळी तुम्हीच फाडली. उन्हाळ्यात ती आकसनार, पावसाळ्यात फुगनार. तिला हलाया जागा नको व्हय?"

रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात यावर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं. उष्णतेने धातू प्रसरण पावतो वगैरे. लाकूड हवेतल्या ओलाव्याने हलतं, लांबीत जवळजवळ नाही पण रुंदीत चांगलंच, हे मला सुतारकाकांनी उकिडवं बसून शिकवलं. त्यांनी सगळे स्क्रू काढले. चौकटीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट केली, वॉशर घालून स्क्रू पुन्हा बसवले. भेगेत गोंद भरून क्लॅम्प लावला, आणि ती पुढे वाढू नये म्हणून तिच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा सागवानी तुकडा कोरून बसवला. हाताने, पटाशीने. नख घालायलाही फट नाही. तीन तास लागले.

"किती झाले काका?"

"सहाशे द्या."

आणि मी, ज्याने तासाला ९०० चा हिशेब नुकताच ऐकायचा होता, तो मी म्हणालो, "पाचशे घ्या ना काका."

तोंडातून निघून गेलं. सवयच आहे. भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले, प्लंबर, सुतार, यांच्याशी बोलताना ते आपोआप येतं. फुगणाऱ्या टेबलाचे अठरा हप्ते मी एका शब्दाने घासाघीस न करता भरले होते. काकांनी वाद घातला नाही. पाचशे खिशात घातले, हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "टेबल झ्याक केलंय पर. पहिल्यांदा हाय म्हनून सांगितलं नसतं तर कळलं नसतं."

दार लागलं तशी लाज वाटली. खाली पळत गेलो आणि शंभर दिले. पण म्हणून मी चांगला ठरत नाही. ऐंशी तास रंधा मारून खांदा भरून आलेला नसता, तर ते शंभर रुपये मला वाचवल्यासारखे वाटले असते. माझ्या सगळ्या भांडणाचा मुद्दा हाच आहे. ज्याने एकदाही सांधा बसवला नाही, त्याला सांध्याची किंमत कळत नाही. मग तो भुशाला महाग आणि कारागिराला स्वस्त समजतो. आपल्या समाजाने सुताराला बलुतेदार करून वर्षाच्या शेवटी धान्य मोजलं, आणि लेखणीवाल्याला ओटीवर बसवलं. ती ओटी गेली. आता एसी केबिन आहे. मोजमाप तेच आहे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. वर येताना काकांनी मला विचारलं होतं, "पोरगं बारावीला हाय. तुमच्यासारखं कॉम्पुटरवर बसंल असं कायतरी सांगा." म्हणजे ज्या कामावर मी इथे प्रेमाने लिहितोय, त्यातून त्यांना आपल्या मुलाला बाहेर काढायचंय. बरोबरच आहे. मला खांदा दुखला की सोमवारी एसीत बसायची सोय आहे. त्यांना नाही. छंदातल्या घामाला आणि पोटासाठीच्या घामाला एक म्हणणं हा उद्दामपणा होईल. त्यामुळे "श्रमात आनंद आहे" छापाचं प्रवचन मी देणार नाही. सुताराच्या मुलाने कोड लिहावा, जरूर लिहावा. पण कोड लिहिणाऱ्याने सुतारकामाकडे खालच्या नजरेने बघू नये, आणि मजुरी देताना नजर चुकवू नये. एवढं तरी जमेल की नाही?

ज्यांना खरंच करून बघायचंय त्यांच्यासाठी शेवटचं. मी वर पीयू पॉलिश न करता जवसाचं तेल लावलं, पेंटच्या दुकानात "डबल बॉइल्ड" म्हणून मिळतं ते. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं सगळं पुसून घ्यायचं, वाळू द्यायचं, पुन्हा तेच. तीन-चार हात. चकाकी कमी येते, पण ओरखडा पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल लावता येतं. एक धोका लक्षात ठेवा. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

मे महिन्यात मी टेबलाची रुंदी मोजून ठेवली होती. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजली. चार मिलिमीटर वाढली होती. नवी भेग नाही. डमरू जागच्या जागी. एक पाय मात्र किंचित आखूड आहे, तो माझ्याकडून झालेला. त्याखाली सध्या माझं कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड दुमडून घातलंय.

टेबल मोठं वाटत असेल तर पाट करा. एक फळी, दोन पट्ट्या, चार स्क्रू, आणि हो, भोकं लांबट. एका शनिवारचं काम आहे. झाल्यावर तुमचा तासाचा रेट काढा, आणि मग पुढच्या वेळी घरी सुतार आला की त्याचा विचारा.